वाढत्या अंगाचे पॅड

माझे गुडघे माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे आहेत. मध्यंतरी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं खेळायचात काय?" मी म्हटलं, "आइस हॉकी. गोलकीपर होते." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलवरच्या देशपांडे आडनावाकडे, मग खिडकीबाहेर. बाहेर अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतली दुपार होती, गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा अशी. आठवणी लिहायचं माझं वय झालेलं नाही, असं आई पुण्याहून फोनवर बजावते. माझं झालं नसेल, गुडघ्यांचं झालंय. त्यांच्या वतीने लिहिते. हे प्रकरण मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. नवऱ्याला निम्मं माहीत आहे, मुलाला तेही नाही. सांगायला घेतलं की अजून कानशिलं तापतात, आणि मी विषय बदलून चहा ठेवायला उठते. आज चहा आधीच करून घेतलाय.

आम्ही तेव्हा दुबईत, ऊद मेथाला राहायचो. शाळेच्या बसेस जिथून वळायच्या त्या कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात दिवसरात्र खिडकीतल्या एसीची घरघर असायची. तिची इतकी सवय होती की वीज गेली आणि घरघर थांबली, तर माणसं शांततेने दचकून जागी व्हायची. सकाळी अजान, मग आईचा कुकर, मग लिफ्टच्या दाराचा आपटल्यासारखा आवाज, आणि त्या पाठोपाठ बाबांची हाक, "मुग्धा, बस आली." आई खालच्या ग्रोसरीतून लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली आणायची आणि तिची कढी करायची, इथल्या लबनची कढी फाटत नाही, हा तिचा शोध तिने मराठी मंडळाच्या सगळ्या बायकांना सांगितला होता. सुट्टी तेव्हा शुक्रवारी असायची. शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी ठरलेली, आणि शेजारच्या मुमताजचाचींकडून झाकण ठेवून आलेली तांदळाची भाकरी आणि माशाचं सार. ते सार आमच्याकडे बाबा खायचे नाहीत. मी आणि आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवायचो, आणि बाबांना ते माहीत असायचं.

बाबा एका कंत्राटदार कंपनीत क्वालिटीचे इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांनी बांधलेलं मोजायचं, आणि चुकलं असेल तर पाडायला लावायचं, अशी ती नोकरी. स्टीलची टेप त्यांच्या पँटच्या खिशात सुट्टीच्या दिवशीही असायची. हॉटेलात गेलो तरी ते टेबल डुगडुगतंय का ते आधी बघायचे. भला माणूस, पण चुकलेलं काही दिसलं की त्यांना गिळता यायचं नाही. "ॲज पर ड्रॉइंग पाहिजे," हे त्यांचं पालुपद. साइटवर लोक त्यांना घाबरायचे आणि घरी आम्ही त्यांना थोडं हसायचो.

पण याच माणसाचा दुसरा नियम असा, की मुलांसाठी आणायचं ते वाढत्या अंगाचं आणायचं. शाळा उघडायच्या आधी आम्ही बर दुबईला बुटांच्या दुकानात जायचो. दुकानदार पायाचं माप घ्यायला निघाला की बाबा त्याला थांबवायचे, स्वतः माझ्यासमोर गुडघ्यावर बसायचे आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचे. अंगठा अख्खा आत गेला पाहिजे. नाही गेला, तर पुढचा नंबर. "वाढत्या अंगाची आहे," ते दुकानदाराला सांगायचे, जणू तो माझा काही आजार होता. बुटात कापूस, फ्रॉकला हातभर दुमड. आई दरवर्षी दुमड उसवायची आणि जुन्या घडीची गडद रेघ गुडघ्यांवर तशीच राहायची. वर्गातल्या मराठी, गुजराती, मल्याळी, सगळ्याच मुलींच्या फ्रॉकवर ती रेघ होती, म्हणून तिची लाज वाटायचं कारण नव्हतं. आता मी माझ्या मुलाला नेमक्या मापाचे कपडे घेते, तर सासूबाई म्हणतात, "अगं, पोर आहे ते, कुंडीतलं झाड नाही." मी हसते. का घेते ते त्यांना सांगत नाही.

हॉकीचं खूळ शेजारच्या आदिलने आणलं. रफिकचाचा आणि मुमताजचाचींचा हा मुलगा. चाचा श्रीवर्धनचे, दुबईतल्याच डेरा भागात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान. ऊद मेथाला बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक, आहे हे आम्हाला माहीत होतं, वाढदिवसाला मुलं तिथे घसरायला जायची. तिथे शुक्रवारी सकाळी मुलांची टीम जमते, हे आदिलला कळलं. तो गेला, आणि त्याच्यामागे मी. मला स्केटिंग अजिबात जमायचं नाही. मारेक नावाचे कोच होते, युरोपातल्या कुठल्याशा थंड गावचे, बोलायचे कमी. त्यांनी मला दोन शुक्रवार पडताना पाहिलं आणि गोलमध्ये नेऊन उभं केलं. ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये ठेवतात, हा जगातल्या सगळ्या गल्ल्यांचा नियम आहे, बर्फावरही तोच.

गोलकीपरला सामान लागतं. पायांवर मांडीपर्यंत येणारे जाड पॅड, छातीवर पॅड, हातात मोठे ग्लोव्ह, तोंडावर जाळीचं हेल्मेट. दुकानातली किंमत बाबांनी आधी दिरहममध्ये म्हटली, मग रुपयांत, आणि मग पाकीट परत खिशात ठेवलं. तेवढ्यात सुपरमार्केटच्या बोर्डावर एक चिठ्ठी लागली. देश सोडून जाणारं कुटुंब, घरातलं सगळं विकायचं आहे. सोफा, झाडं, सायकल, गोलकीपरचं सामान. आम्ही गेलो. सामान त्या घरातल्या गृहस्थाचं होतं, आणि गृहस्थ दारातून वाकून आत येणारा. मी तेव्हा तेरा वर्षांची, आईच्या खांद्याएवढी. बाबांनी पॅड माझ्या पायांना लावून पाहिले. ते जवळजवळ कमरेपर्यंत आले. बाबांचा चेहरा उजळला. "कॉलेजपर्यंत बघायला नको," ते म्हणाले.

छातीचा पॅड माझ्या अंगावर टांगल्यासारखा लोंबायचा आणि आतून गार हवा शिरायची. पहिल्याच सरावात एक पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, मधल्या फटीतून बरगडीला लागला आणि हिरवंनिळं झालं. आईने ते पाहिलं आणि माळ्यावरून माझी लहानपणची गोधडी काढली. तिच्या जुन्या साड्यांची होती, एक हिरवी इरकल, एक मोरपंखी वायल, आणि आजोबांचं धोतर अस्तराला. दुपारी मशीनवर बसून तिने त्या गोधडीचं जाकीट शिवलं, बाह्या नसलेलं, चांगलं दोन पदरी. ते आत घातलं की पॅड घट्ट बसायचा. वरची टीमची जर्सीही मग लहान पडायला लागली, तेव्हा तिलाही दोन्ही बाजूंनी तुकडे जोडले. शेवटी मी सगळं चढवून हॉलमध्ये उभी राहिले तर सोफ्याच्या आणि टीव्हीच्या मधून मला जाता येईना. आई हसून हसून खाली बसली. म्हणाली, "बाई गं, दृष्ट काढायला मीठ-मोहरी पोत्याने आणावी लागेल."

आणि मग मी प्रसिद्ध झाले, याला दुसरा शब्द नाही. पक यायचा आणि मला आपटून परत जायचा. मला हलायचीसुद्धा गरज पडायची नाही. टीमची मुलं मला 'वॉल' म्हणायला लागली. वर्गात गणितात काठावर, गॅदरिंगमध्ये कायम मागच्या रांगेत, अशी मी, आणि शुक्रवारी सकाळी पोरं हातातल्या काठ्या बर्फावर आपटून माझं स्वागत करायची. मला खरंच वाटलं की माझ्यात काहीतरी आहे. मारेक कोच मात्र कधी शाबास म्हणाले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "यू आर स्टँडिंग व्हेरी वेल." मी ते कौतुक समजले आणि घरी येऊन तीनदा सांगितलं.

मग आम्ही अबू धाबीला मॅच खेळायला गेलो. त्यांचा गोलकीपर लूक नावाचा मुलगा, आमच्याच वयाचा, पण गोलमध्ये उभा राहिला तर मागची जाळी दिसेना. आमच्याकडून एकही गोल झाला नाही. माझ्याकडून एक गेला, तोही आमच्याच मुलाच्या स्केटला लागून. रफिकचाचांच्या गाडीतून परत येताना बाबा पुढच्या सीटवर धुमसत होते. "हे बरोबर नाही रफिकभाई. मुलगा खेळत नाहीये, सामान खेळतंय. एवढे मोठे पॅड लावले तर कुणीही अडवेल. उद्या दार काढून गोलमध्ये लावतील." चाचा म्हणाले, "सोडा हो साहेब, पोरांचा खेळ हाय." मागे आदिल माझ्याकडे बघून गालात हसला. मला कळेना त्यात हसण्यासारखं काय आहे. इतकी मी गाढव होते, आणि इतके बाबाही. आमच्या डोक्यात लूकचं सामान मोठं होतं. माझं सामान मोठं नव्हतं, ते वाढत्या अंगाचं होतं.

बाबांनी सगळ्या टीमच्या पालकांना मेल लिहिली. त्यांना वाटलं कुणी लक्ष देणार नाही, पण विषय पेटला. बाहेरच्या मोठमोठ्या लीगमध्येही हाच वाद चालू आहे, असं कॅनडाचे आईबाप म्हणाले. गोलकीपर दिवसेंदिवस फुगत चाललेत, गोल होतच नाहीत, म्हणून तिथेही सामानावर मर्यादा घालतायत. शेवटी एका शुक्रवारी मैदानाच्या कॅन्टीनमध्ये मीटिंग ठरली. काचेपलीकडे बर्फ सपाट करायची गाडी फिरत होती आणि अलीकडे तीसेक माणसं थंडीने हात चोळत बसली होती. आई शालीत, मी तिच्या शेजारी फ्राइज खात. एक बाई म्हणाली, लहान मुलं आहेत, लागलं तर जबाबदार कोण. सामान थोडं मोठं असलेलं बरं. एक गोरे गृहस्थ म्हणाले, मग गोल कुणी करायचा, माझी मुलगी वर्षभर रडत घरी येतेय. रफिकचाचा उठून म्हणाले की पोरं दर वर्षी वाढतात, दर वर्षी नवं सामान कोण घेणार. त्यावर बऱ्याच जणांनी माना हलवल्या. विषय तिथेच मिटला असता.

तेव्हा बाबा उभे राहिले. खिशातून टेप काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली. त्यांचं इंग्रजी साइटवरचं होतं, ठोकून ठोकून बोलायचे. म्हणाले, सामान गोलच्या मापाचं नको, मुलाच्या मापाचं पाहिजे. पॅडची रुंदी ठरवा, उंची प्रत्येकाच्या गुडघ्यावरून ठरवा, छातीचा पॅड अंगाला लागून. आत जादा काही भरलेलं नको. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांसमोर मोजा. "सेफ्टी इज वन थिंग, चीटिंग इज अनदर थिंग," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी अबू धाबीच्या माणसांच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे लूकचे वडील बसले होते, लाल दाढीचे, धिप्पाड. ते शांतपणे म्हणाले, "फेअर इनफ." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये माझा हात फ्राइजच्या पुडीत थांबला. आत जादा काही भरलेलं नको. मी आईकडे पाहिलं. आई शाल घट्ट ओढून समोर बघत होती, आणि तिच्या मानेवरची शीर उडत होती. तिला माझ्या आधी कळलं होतं.

बाबा त्या दिवशी घरी गाणं गुणगुणत आले. बाबांना गाता येत नाही. जेवताना आईने कढी वाढता वाढता म्हटलं, "अहो, मुग्धाचं पण मोजतील ना?"

"मोजू देत की. आपल्याला काय लपवायचंय?"

"नाही, म्हणजे ते पॅड त्या माणसाचे होते. मोठे आहेत जरा."

"मोठे कसे? वाढत्या अंगाचे आहेत," बाबा म्हणाले आणि भाताला खळगा केला. "तू उगाच काळजी करतेस. दोन वर्षांत बरोबर येतील."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हटलं, "इट्स फाइन, आई." घाबरले की मी इंग्रजीत बोलायचे, अजूनही बोलते. भांडी घासताना आई नळाला ऐकू जाईल इतपत म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." बाबांना अजून स्पष्ट सांगायला हवं होतं, असं आज मला वाटतं. पण खरं सांगायचं तर त्यांना असं गाताना आम्ही फार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या एवढ्या लोकांत, त्या साहेब लोकांत, माझ्या बाबांचं कुणीतरी ऐकलं होतं. ते मोडायचं कुणी?

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. रिंकच्या बाजूला रबराची चटई अंथरली होती, तिथे गोलकीपर रांगेत उभे. मोजायला अर्थातच बाबा. शुक्रवार असूनही ते ऑफिसचा शर्ट घालून आले होते, खिशाला पेन. पहिला लूक. बाबांनी खाली बसून त्याच्या पॅडची रुंदी मोजली. परत मोजली. गुडघ्यापासून वरची उंची मोजली. मग जर्सी वर करायला सांगून छातीचा पॅड चाचपला. आत फक्त लूक होता. तो मुलगा होताच तेवढा, खांदे दारासारखे, आणि सामान अगदी त्याच्या अंगाचं. बाबा उठले. "ओके," ते म्हणाले. लाल दाढीवाल्यांनी मान डोलावली, काही चेहऱ्यावर न आणता. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मग मी. बाबांनी टेप माझ्या पॅडवर धरली आणि मी वरून त्यांचं टक्कल बघत राहिले. ते टक्कल मला हळूहळू लाल होताना दिसलं. रुंदी बसली नाही. उंची तर कशातच बसली नाही. पॅडचं टोक माझ्या कमरेला आणि गुडघा कुठेतरी मध्यावर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पॅड मोठे आहेत, बदला, आणि सोडून दिलं असतं. बाबा सोडणारे नव्हते. कदाचित मागे सगळे बघतायत म्हणून, कदाचित सवयीने. "जर्सी वर," ते म्हणाले, इंग्रजीत, मी त्यांची कुणी नसल्यासारखं. मी जर्सी वर केली. त्यांनी छातीच्या पॅडचा पट्टा सोडला, आणि आतलं सगळं सुटून सैल झालं. हिरव्या इरकलीचा काठ बाहेर आला.

"व्हॉट्स दॅट?" कुणीतरी विचारलं. एक पोरगी म्हणाली, "इज दॅट अ ब्लँकेट?" आणि मुलं हसली. वाईट हसली असं नाही, मुलं हसतात तशी. मारेक कोचनी हसणाऱ्यांना एका नजरेने गप्प केलं, पण तोवर बाबांनी जर्सी आणि पॅड उतरवून जाकीटही माझ्या डोक्यावरून काढलं होतं. आत मी घामाने भिजलेल्या पातळ पांढऱ्या बनियनमध्ये. तेरा वर्षांची. मी हात छातीशी घेतले आणि खाली बघत राहिले. रबरी चटईवर स्केटच्या पात्यांचे चरे होते, ते अजून मला तसेच्या तसे दिसतात. त्या क्षणी मला माझी लाज वाटली, बाबांची वाटली, आणि सगळ्यात जास्त आईची वाटली, जिने मला लागू नये म्हणून दुपारभर मशीन चालवलं होतं. तिची लाज वाटली याची लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

बाबांनी ते जाकीट उचललं. घरी गोधडीची घडी करतो तशी आधी दोन, मग चार पदरी घडी केली आणि काखेत धरली. मग सरळ उभे राहून म्हणाले, "नॉट ॲज पर रूल." अबू धाबीचे कोच पुढे आले. म्हणाले, लहान मुलगी आहे, आमची हरकत नाही, आज खेळू दे. बाबा म्हणाले, "नो, नो. रूल इज रूल." मी बाद तर आमच्या टीमला दुसरा गोलकीपरच नव्हता. आदिल आणि सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, आता मात्र कुणी हसत नव्हतं. तेवढ्यात लाल दाढीवाले गृहस्थ पार्किंगमध्ये गेले आणि एक जुनी बॅग घेऊन आले. लूकचं आधीचं सामान. लहान झालं म्हणून गाडीतच पडून होतं, कुणाला तरी द्यायचं होतं. त्यांनी ती बॅग माझ्या पायाशी ठेवली आणि बाबांना म्हणाले, "किड्स ग्रो, सर. हॅपन्स टू ऑल ऑफ अस." ज्या माणसाला बाबांनी तीस लोकांसमोर चीटिंग करणारा म्हटलं, त्याने त्यांना 'सर' म्हटलं. बाबांनी वाकून त्या बॅगेची चेन उघडली.

ते सामान मला अगदी बरोबर बसलं. मी गोलमध्ये जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा मला कळलं की माझ्या मागे केवढी जाळी आहे. दोन्ही बाजूंनी गार वारं लागत होतं. इतके दिवस ते वारं मला लागलंच नव्हतं. पक येत गेले आणि आत जात गेले. डावीकडून, उजवीकडून, पायांच्या मधून. काठ्या आपटून स्वागत करणाऱ्या पोरांनी शेवटी शेवटी माझ्याकडे बघणंही सोडलं. 'वॉल' म्हणजे मी नव्हतेच. ते एका परदेशी गेलेल्या गृहस्थाचे पॅड होते आणि आईच्या साड्या होत्या. फक्त एकदा, सामना हातचा गेल्यावर, एक पक खालून कोपऱ्यात निघाला आणि मी पाय फेकला. पाय गेला. जुन्या पॅडमध्ये तो कधीच गेला नसता. पक बुटाच्या टोकाला लागून बाहेर उडाला. मारेक कोचनी काचेवर हात आपटला. मी बाबांकडे पाहिलं. ते रिंककडे पाठ करून उभे होते, काखेत गोधडी.

चाचा न बोलता गाडी चालवू शकतात हे मला त्या दिवशी परतताना कळलं. घरी आल्यावर बाबांनी बूट काढले आणि दारातच आईला विचारलं, "तू मला सांगायचं नाहीस?"

आई म्हणाली, "सांगितलं होतं."

बाबांनी जरा विचार केला. आठवलं असावं. भात, कढी, भाताचा खळगा. "हो," ते म्हणाले आणि आत जाऊन झोपले. भर दुपारी, जेवण न करता, ऑफिसच्या शर्टात. संध्याकाळी मुमताजचाचींनी भाकरी आणि सार पाठवलं. आईने ते टेबलावर ठेवलं. मी आणि ती स्वयंपाकघरात गेलो नाही, बाबांसमोरच बसून खाल्लं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी पुढे चारेक वर्षं खेळले, लूकच्या सामानात, ते लहान झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या. बरी खेळले. पाय फेकायची सवय तेव्हाची, हे गुडघे त्याचीच फळं भोगतायत. बाबा मॅचला यायचे, पण लांब, वरच्या पायऱ्यांवर बसायचे, आणि पालकांच्या मीटिंगला पुन्हा कधी गेले नाहीत. टेप सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खिशात पुन्हा दिसली नाही. तो विषय आमच्या घरात कुणी काढला नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टींवर घरातली माणसं पुढे हसतात. आमच्याकडे नाही हसलं कुणी. गोधडीचं जाकीट आईने परत उसवलं, मधे पट्टी लावून पुन्हा गोधडी केली आणि माळ्यावर टाकली.

त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी आम्ही नेहमीप्रमाणे बर दुबईला बूट घ्यायला गेलो. दुकानदार जुना, ओळखीचा. त्याने माझा पाय पाहिला आणि न विचारता एक नंबर मोठा काढून आणला. बाबा म्हणाले, "नको. तिच्या मापाचा दाखवा." दुकानदार बघतच राहिला. त्याने मापाचा आणला. बाबा माझ्यासमोर गुडघ्यावर बसले, नाड्या बांधल्या, आणि त्यांचा अंगठा सवयीने बुटाच्या टोकापर्यंत आला. तिथे थांबला. दाबला नाही त्यांनी. हात मागे घेतला आणि मान वर न करता विचारलं, "बरोबर आहेत ना?"

माझी बोटं बुटाच्या टोकाला टेकून दुमडत होती. "अगदी बरोबर आहेत, बाबा," मी म्हटलं, मराठीत. दुकानातून गाडीपर्यंत मी सरळ चालत गेले. ते मागून माझ्या पायांकडे बघत होते.